मोहाखालची राख

मार्चमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या टेकड्यांत एक दिवसाच्या ट्रेकला गेलात, तर पळसाच्या केशरी फुलांवरून नजर जरा खाली आणा. मोहाच्या झाडांखाली जळलेली काळी वर्तुळं दिसतील. ही कशाची?

मोह रात्री फुलतो. परागीभवनात वटवाघळांचा मोठा वाटा असतो. पहाटे गोड, मांसल पाकळ्या गळून पडतात; बीजांडाचा भाग मात्र फांदीवरच राहतो आणि त्याचंच पुढे फळ होतं. म्हणजे खाली पडलेली फुलं वेचल्याने झाडाचं बी कमी होत नाही. गोंड कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ही फुलं वेचतात, वाळवतात, खातात, विकतात.

अडचण आहे ती पाल्याची. वाळक्या पाल्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून पाला पेटवतात. मोठं झाड जाड सालीमुळे तगतं, पण खालची कोवळी रोपं मरतात. दरवर्षी असंच झालं तर जुनी झाडं उरतात, वारस उरत नाहीत. वारा सुटला तर आग जंगलात शिरते ती वेगळीच.

उपाय आहेत: पाला झाडून बाजूला करणं किंवा झाडाखाली जाळी बांधणं. पण झाडायला वेळ लागतो आणि जाळीला पैसे. तेव्हा नुसता उपदेश नको.

तुम्ही एवढंच करा: साफ केलेल्या जागेवर पाय देऊ नका, ते कुणाचं तरी अंगण समजा. आणि मोहाखाली एखादं रोप दिसतंय का, बघा. पीएचडीच्या कामात मीही आधी तेच शोधते.