कांदा जास्त, पैसे कमी

भाव बदलला की खरेदी किती बदलते, याचे माप म्हणजे मागणीची लवचिकता. कांद्याची मागणी फारच कमी लवचिक आहे. स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महागला तरी फोडणीला तो लागतोच. म्हणून आवक जराशी वाढली तरी भाव कोसळतात.

समजा, एका बाजारात सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून 100 क्विंटल कांदा आला आणि क्विंटलला 2,000 रुपये भाव मिळाला, तर हाती 2 लाख रुपये. पुढच्या वर्षी पीक साधले, 120 क्विंटल आले. तेवढा माल खपेपर्यंत भाव 1,400 वर उतरला. आता हाती 1 लाख 68 हजार. माल 20 टक्के वाढला, उत्पन्न 16 टक्के घटले. काढणीची मजुरी आणि गाडीभाडे मात्र वाढलेल्या मालाचेही द्यावे लागते.

उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, त्यामुळे थोडे थांबता येते. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. मिळेल त्या भावाला तो द्यावा लागतो.

जादा मालाला दुसरी वाट निर्यातीची. केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, डिसेंबरमध्ये बंदीच घातली. शहरातले भाव आवरण्याची किंमत इथे लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याने मोजली, असे आमचे स्पष्ट मत आहे. बंदी मे 2024 मध्ये उठली. शुल्क पुरते हटायला एप्रिल 2025 उजाडला.