कोरी खिडकी आणि दोन गंधार

संगणकावरील संगीत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना मोबाईलवरचा तंबोरा आठवतो. बटण दाबले की सूर तयार! ‘प्युअर डेटा’ हा प्रोग्राम याच्या अगदी उलट आहे. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या ‘इर्काम’ संस्थेत ‘मॅक्स’ रचला आणि त्याच वाटेने १९९० च्या दशकात हा केला. तो विनामूल्य मिळतो, जुन्या संगणकावरही चालतो; म्हणूनच तो माझ्यासारख्याच्या हाती आला. उघडल्यावर मात्र समोर येते ती नुसती कोरी खिडकी.

तिच्यात चौकटी मांडायच्या आणि रेघांनी जोडायच्या. ‘ऑस्क’ या चौकटीत ध्वनिलहर उत्पन्न होते, गुणाकाराच्या चौकटीत तिचा जोर कमी करायचा (न केल्यास कानठळ्याच!), आणि ‘डॅक’मधून ती स्पीकरकडे जाते. ध्वनीच्या चौकटीच्या नावापुढे नागमोडी खूण हवी. ती राहिली तर चौकट तयारच होत नाही, किंवा ध्वनीऐवजी साधे आकडे हाताळत बसते. सारे बिनचूक जोडले तरी ध्वनीचा खटका बंद असेल तर शांतता! मदतीची पाने इंग्रजीत. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाला हा चढ दमवतो, यात संशय नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? गंधाराचेच उदाहरण घेऊ. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर सव्वापट प्रमाणाचा शुद्ध गंधार ३०० येतो. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून मिळणारा पेटीचा गंधार मात्र सुमारे ३०२.४. असली गुणोत्तरे तपासून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले होते. तयार कीबोर्डात हा निर्णय बहुधा दुसऱ्या कोणी आधीच घेतलेला असतो. येथे ३०० लिहा, ३०० मिळतो. दोन्ही गंधार एकदम वाजवले तर सेकंदाला सुमारे अडीच हेलकावे स्पष्ट ऐकू येतात.

विजयदुर्गला घरी मी हे मामांना ऐकवले. ते दशावतारात पायपेटी वाजवतात. “अरे, हेच्यात आदी पेटीच घडवूची लागता मां?” असे त्यांनी विचारले. इतके नेमके वर्णन मला कुठल्याच मदतीच्या पानावर सापडले नव्हते. मग दोन्ही गंधार वेगवेगळे ऐकून त्यांनी मान डोलावली ती ३०२.४ ला, ३०० त्यांना उतरलेला वाटला. मी देवलांचे नाव सांगून पाहिले. मामा बधले नाहीत.

सध्या तंबोऱ्याची जवारी साधण्याचा प्रयत्न चालू आहे. एक ‘ऑस्क’ म्हणजे नुसती शीळ. तारेच्या नादात अनेक स्वरांश असतात आणि प्रत्येकाचे उमलणे-विरणे वेगळे. त्यासाठी सोळा चौकटी मांडल्या आहेत. अजून तरी डासच गुणगुणतो आहे.