फडावरच्या कोपीत सौर दिवा : आधी हिशोब, मग खरेदी

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर भागातल्या टोळ्या कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण मुकादमाच्या मागे फिरतो, पण ही माणसं पाच-सहा महिने आपल्याच बांधालगत अंधारात राहतात, याचा विचार किती जण करतो?

गेल्या हंगामात एका फडावर गेलो होतो. पाचटाच्या कोपीत चिमणी जळत होती, शेजारी तान्हं लेकरू झोपलेलं. वाऱ्याची एक झुळूक आणि होत्याचं नव्हतं! दुसरी भीती सापाची. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. बरं, कोपीबाहेर सौर पॅनेल होतं, पण बाभळीच्या सावलीत. "साहेब, महिनाभर चाललं, मग बॅटरी बसली," गाडीवान म्हणाला. पैसे गेले आणि चिमणी परत आली. म्हणून हा लेख.

हिशोब कसा करावा?

वॅटला तासांनी गुणलं की रोजची गरज निघते. 5 वॅटचे दोन एलईडी दिवे 5 तास लावले तर 50 वॅट-तास. दोन मोबाइल चार्ज करायला साधारण 30. रात्रभर 1 वॅटचा छोटा दिवा, म्हणजे आणखी 8. एकूण 90 धरा.

हिवाळ्यात आपल्याकडे भरपूर उन्हाचे साडेचार तास धरावेत. 40 वॅटचं पॅनेल 180 वॅट-तास देईल. त्यातला तिसरा हिस्सा धूळ, उष्णता आणि तारांत जातो. उरतात 120. एका कोपीला तेवढे पुरेत.

बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर 12 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची घ्या. ती निम्म्याच्या खाली उतरवू नये, नाहीतर लवकर मरते. लिथियम-फॉस्फेटची 12 अँपिअर-तासांची बॅटरी तेवढंच काम करते, वजनालाही हलकी पडते. रोज चूल हलवणाऱ्याला हलकं सामान बरं. ढगाळ दिवशी मोठे दिवे बंद ठेवून छोटा दिवा आणि मोबाइल एवढ्यावर भागवावे.

पॅनेल कुठे ठेवावे?

1) तोंड दक्षिणेला. मागची कड पॅनेलच्या लांबीच्या निम्म्याइतकी उचला, हिवाळ्याला तेवढा उतार ठीक.
2) सावली अजिबात नको. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज बरीच घटते.
3) फडावर धूळ आणि पाचट जाळल्याची राख फार. सकाळी पॅनेल थंड असताना ओल्या फडक्याने पुसावं.
4) कोपीच्या छपरावर ठेवू नका, वेगळ्या बांबूच्या मांडवावर बांधा. रात्री आत घ्या, चोरीचा धोका टळतो.
5) फड बदलताना पॅनेल गोधडीत गुंडाळून ट्रॉलीत उभं ठेवा. भांड्यांखाली आडवं टाकलं की काच गेलीच समजा.

जोडणी आणि बॅटरी

पॅनेल थेट बॅटरीला जोडू नये. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, नाहीतर बॅटरी जादा चार्ज होऊन खराब होते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. तांबडी तार धन टोकाला. बॅटरीजवळच फ्यूज बसवा. पाचटाच्या घरात तारेची एक ठिणगीसुद्धा महागात पडते.

पाणी घालायच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. ती चुलीजवळ किंवा बंद कोपीत ठेवू नका. बाहेर विटांवर, हवेशीर झाकणाखाली ठेवा. तिच्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं पाणी नको.

एक इशारा! शेतात सौर पंप आहे म्हणून त्याच्या पॅनेलमधून तार ओढून दिवा लावू नका. तिथला दाब शंभर व्होल्टच्या वर असू शकतो. दिवा तर जाईलच, माणूसही जाईल.

आपण काय करायचं?

टोळी उतरायला जागा देताना झाडाखालची किंवा ओढ्याकाठची न देता थोडी उघडी, उंच जागा द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी टोळी आली की एक फेरी मारावी. पोरं किती, शाळा किती लांब, बाईमाणसाला रात्री बाहेर जायची वाट कोणती, हे पाहावं. त्या वाटेवर लावलेला एक दिवाही मोठा आधार देतो. दिवा आहे म्हणून सापाचा धोका संपत नाही. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता तडक दवाखाना गाठावा.

मुकादमांना एकच विनंती. दिव्याचे पैसे उचलीत धरणार असाल तर कामगाराला आधी सांगा, पावती त्याच्या हातात द्या आणि हंगाम संपल्यावर दिवा त्यालाच घरी नेऊ द्या.

आपल्या उसाची मोळी बांधणाऱ्या हातांना रात्री भाकरी तरी दिसावी. 40 वॅटमध्ये तेवढं नक्की होतं. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत आपल्या मुकादमाशी एवढं बोलून घ्या.