क्रीडा मोटारगाडी, विद्युत् व पेट्रोल

क्रीडा मोटारगाडी, विद्युत् व पेट्रोल : केवळ प्रवासाची सोय न पाहता वेग, प्रवेग (वेगवाढीचे प्रमाण) आणि चालविण्यातील आनंद यांना प्राधान्य देऊन बनविलेल्या मोटारगाडीस क्रीडा मोटारगाडी (स्पोर्ट्‌स कार) म्हणतात. विसाव्या शतकात बहुतेक सर्व क्रीडा गाड्यांत पेट्रोलवर चालणारे अंतर्ज्वलन-एंजिन वापरले जाई. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून विद्युत् चलित्र (मोटर) व लिथियम-आयन विद्युत् घटमाला (बॅटरी) वापरणाऱ्या गाड्या या क्षेत्रात आल्या. त्यामुळे जलद गाडी आणि चालविण्यास आनंददायक गाडी या दोन कल्पना एकच आहेत की भिन्न, हा प्रश्न प्रथमच स्पष्टपणे पुढे आला.

इतिहास : वेगाच्या क्षेत्रात विजेचा प्रवेश नवा नाही. मोटारगाडीच्या वेगाचा पहिला नोंदलेला उच्चांक १८९८ मध्ये गास्ताँ द शासलू-लोबा यांनी विद्युत् गाडीनेच केला (ताशी ६३.१५ किमी.). २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळील आशेर येथे कामीय झेनात्सी यांनी ‘ला जामे काँताँत’ या पाणतीराच्या आकाराच्या विद्युत् गाडीतून ताशी १०५.८८ किमी. वेग गाठला. ताशी १०० किमी.ची मर्यादा ओलांडणारी ही पहिली मोटारगाडी होय. तथापि त्या काळच्या शिसे-अम्ल घटमाला फार जड असून त्यांवर थोडेच अंतर कापता येई. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक (स्टार्टर) बसविण्यात आला. हाताने दांडा फिरवून एंजिन सुरू करण्याचे कष्ट त्यामुळे टळले व पेट्रोल गाडीचा मार्ग अधिकच मोकळा झाला. विद्युत् क्रीडा गाडीचे पुनरुज्जीवन २००८ मध्ये विक्रीस आलेल्या टेस्ला रोडस्टर या गाडीने झाले. लोटस एलिस या हलक्या ब्रिटिश गाडीच्या सांगाड्यावर आधारलेल्या या गाडीत ६,८३१ लहान लिथियम-आयन घट असून त्यांच्या घटमालेचे वजनच सु. ४५० किग्रॅ. होते.

प्रवेग : पेट्रोल एंजिनाचे परिपीडन (अक्षाला पीळ देऊन फिरविण्याची क्षमता) त्याच्या फेऱ्यांनुसार बदलते. कमी फेऱ्यांत ते अपुरे पडते, म्हणून क्लच व दंतचक्र पेटी (गिअरबॉक्स) यांची गरज भासते. विद्युत् चलित्राचे महत्तम परिपीडन जवळजवळ स्थिर अवस्थेपासूनच उपलब्ध होते आणि बहुधा एकच दंतचक्र गुणोत्तर पुरते. परिणामी वेगवर्धक दाबताच गाडी झेप घेते. पोर्श कंपनीची टायकान टर्बो एस (२०१९) ही विद्युत् गाडी ताशी १०० किमी. वेग २.८ सेकंदांत गाठते. त्याच कंपनीच्या ९११ टर्बो एस (२०२०) या पेट्रोल गाडीला यासाठी २.७ सेकंद लागतात. या दोन्ही आकड्यांवरून निघणारा सरासरी प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाइतका किंवा किंचित अधिक भरतो. टायर व रस्ता यांच्यातील घर्षण ही येथे खरी मर्यादा ठरते, एंजिनाची शक्ती नव्हे. क्रोएशियातील रिमॅक कंपनीच्या नेव्हेरा या गाडीत प्रत्येक चाकास स्वतंत्र चलित्र असून तिला हाच वेग गाठण्यास दोन सेकंदांहूनही कमी वेळ लागतो. सारांश, सरळ रस्त्यावरील झेपेचा वाद विजेच्या बाजूने निकालात निघाला आहे.

वजन : वळणावर मात्र स्थिती बदलते. एक किग्रॅ. पेट्रोलमध्ये सु. १२ किवॉ.-तास ऊर्जा असते, एक किग्रॅ. उत्तम लिथियम-आयन घटात सु. पाव किवॉ.-तास. एंजिनात यातील बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते व चलित्राची कार्यक्षमता कितीतरी जास्त असते, हे लक्षात घेऊनही तफावत मोठीच राहते. उपर्युक्त टायकानचे वजन सु. २,३०० किग्रॅ. व ९११ चे सु. १,६४० किग्रॅ. आहे. म्हणजे सारख्याच वेगाने तेच वळण घेताना विद्युत् गाडीच्या टायरांना सु. ४० टक्के अधिक प्रेरणा पेलावी लागते व थांबताना तितकीच अधिक गतिज ऊर्जा शोषली जावी लागते. यातील काही भाग चलित्र जनित्रासारखे चालवून घटमालेत परत साठविता येतो. घटमाला तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व गाडी कमी कलते, हाही लाभ होतो. पण निरूढी (जडत्व) कमी होत नाही. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग या सु. २०.८ किमी. लांबीच्या वळणावळणांच्या मार्गावर १,५४८ अश्वशक्तीच्या शाओमी एसयू७ अल्ट्रा या विद्युत् गाडीने २०२५ मध्ये ७ मिनिटे ४.९५७ सेकंद वेळ नोंदविली. ५१० अश्वशक्तीच्या पोर्श ९११ जीटी३ ने त्यापूर्वीच ६ मिनिटे ५९.९२७ सेकंदांत तो मार्ग पुरा केला होता. तिप्पट शक्तीचा लाभ वजनाने असा फेडून घेतला.

वजन आटोक्यात ठेवता आले, तर चित्र पालटते. चालकासह १,१०० किग्रॅ.हून कमी वजनाच्या फोक्सवागेन आयडी.आर या खास शर्यतीच्या विद्युत् गाडीने २०१८ मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक पर्वताची चढण ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत पार करून सर्व गाड्यांचा उच्चांक मोडला. हा मार्ग सु. २० किमी.चाच असल्याने घटमाला लहान पुरली. शिवाय विरळ हवेत एंजिनाची शक्ती घटते, चलित्राची घटत नाही. दीर्घ शर्यतीत ही सवलत नसते. २०१४ मध्ये बेजिंग येथे सुरू झालेल्या फॉर्म्युला ई या विद्युत् शर्यतमालेत पहिली चार पर्वे चालकांना शर्यतीच्या मध्यावर गाडीच बदलावी लागे. मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाचा संघ या मालेत आरंभापासून आहे व २०२३ मध्ये तिची एक शर्यत हैदराबाद येथे झाली.

चालकाचा सहभाग : रसिक चालकाच्या दृष्टीने मोजता न येणारा भाग अधिक महत्त्वाचा असतो. पेट्रोल गाडीत फेरे चढत जातात तसा आवाज बदलतो, योग्य क्षणी क्लच दाबून दंतचक्र बदलावे लागते आणि चूक झाल्यास हिसका बसतो. हे कौशल्य सरावाने येते व त्यातच समाधान असते. ९११ जीटी३ चे एंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते व ती हाताने दंतचक्र बदलण्याच्या रचनेसहही मिळते, यात तिच्या लोकप्रियतेचे मर्म आहे. विद्युत् गाडीत प्रतिसाद अचूक व तात्काळ असतो. परंतु चालकाकडे सोपविलेली कामे कमी होतात. ही उणीव उत्पादकांनीही मान्य केली आहे. ह्युंदाई आयोनिक ५ एन (२०२३) या विद्युत् गाडीत दंतचक्र बदलल्याचा भास व्हावा म्हणून चलित्राचे परिपीडन क्षणभर मुद्दाम कमी केले जाते आणि ध्वनिक्षेपकातून एंजिनासारखा आवाज काढला जातो.

शहरातील दैनंदिन वापर, शांतता व धूरविरहित चालणे यांत विद्युत् गाडी सरस आहे. तथापि मासेराती कंपनीने एमसी२० या गाडीची विद्युत् आवृत्ती काढण्याचा बेत २०२५ मध्ये मागणीअभावी रद्द केला, यावरून केवळ वेग हे या वर्गाच्या ग्राहकांचे एकमेव आकर्षण नाही, हे दिसून येते. बोटींना वाफेचे एंजिन आल्यावर शिडाची नौका मालवाहतुकीतून मागे पडली, पण क्रीडा म्हणून टिकली. कारण वारा हाताळण्याचे कसब एंजिनाने अनावश्यक केले तरी त्यातील गोडी नाहीशी झाली नाही. हाताने दंतचक्र बदलण्याच्या पेट्रोल गाडीलाही असेच स्थान लाभण्याचा संभव आहे. घट अधिक हलके झाल्यास मात्र वजनाचा आक्षेप उरणार नाही व निवड केवळ आवडीची राहील.