मेंढ्याचा अभ्यास गट

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेंढा (लेखा) हे शंभरेक उंबऱ्यांचे गोंडांचे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. तिने गावाचे नाव देशभर नेले. ती घोषणा निभावण्याचे बळ ज्यातून आले, तो गावाचा अभ्यास गट मात्र बातम्यांत फारसा आला नाही. आदिवासी मुलांच्या रोजगाराची ज्याला खरोखर काळजी आहे, त्याने आधी हा गट समजून घ्यावा असे मला वाटते.

मेंढ्याची ग्रामसभा मतदान घेत नाही. निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचेही मन मानत नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. मग अडले कुठे, माहिती कुठे कमी पडते, याचा शोध घ्यावा लागतो. ते काम अभ्यास गटाचे. ज्याला यायचे त्याने यावे, विचारावे, वाद घालावा. इथे निर्णय होत नाहीत. बाहेरचा जाणकार येऊन बसतो, सांगतो. पण ठरवायचे ते गावानेच. १९८०च्या दशकात मोठ्या धरणांविरुद्ध झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनानंतर, मेंढ्याचे देवाजी तोफा व त्यांचे गावकरी आणि ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीतून ही पद्धत रुजली. पुढे मधावरही असाच अभ्यास झाला. पूर्वी जाळ-धूर करून अख्खे पोळे उतरवले जाई. माशीचे जीवनचक्र कळल्यावर मधाचा भाग तेवढा कापायचा आणि अळ्यांचा राखायचा, हे गाव शिकले.

मोठी परीक्षा बांबूची. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि वनखाते तो देईना. १९२७च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती, त्यावरून सगळा वाद. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले.

खरे शिक्षण त्या पुस्तकापासून सुरू झाले. पिढ्यान्‌पिढ्या बांबू तोडणारे हात तेच होते, पण मोजणी, भाव आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत असायचा. आता परवाना ग्रामसभेने लिहायचा. माल किती, जाणार कुठे, कुणाकडे, यातली एक नोंद चुकली तर गाडी नाक्यावर अडणार. व्यापाऱ्याशी करार, मजुरीचे वाटप, बँक, पॅन कार्ड, हिशेबतपासणी हे सगळे गावाच्या अंगावर आले, आणि ते अंगावर आले म्हणून शिकले गेले. तोडीलाही शिस्त लागते. यंदाच्या कोवळ्या बांबूला हात लावायचा नाही, कारण पुढचे कोंब त्याच्याच कंदातून फुटतात. काही जुने बांबू बेटाला आधार म्हणून ठेवायचे. घाव जमिनीलगतच्या पेराच्या नेमका वर घालायचा. मधे घातला तर खुंटाच्या पोकळीत पावसाचे पाणी साचून कुजायला सुरुवात होते. ही नुसती मजुराची हुशारी नाही. पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे परत यायचे आहे, हे माहीत असलेल्या मालकाची ती काळजी आहे.

कौशल्य विकासाच्या नावाने आदिवासी भागात जे चालते ते याच्या नेमके उलट आहे. आधी अभ्यासक्रम, मग प्रमाणपत्र, मग दूरच्या शहरात कुणाच्या तरी हाताखालची नोकरी. ती मिळाली नाही की तेच तरुण मिरची तोडायला तेलंगणात जातात. गावाच्या जंगलात, पाण्यात, जमिनीत कोणते काम दडले आहे, हे त्यांना कुणी विचारत नाही. मेंढ्यात हक्क आधी आला. त्याने कामे उभी केली आणि कामांनी शिक्षण मागून घेतले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

एक उणीव मात्र उरते. शाळा. मराठी पुस्तकासमोर बसलेल्या गोंडी बोलणाऱ्या मुलाची पहिली दोन-तीन वर्षे भाषेशी झगडण्यातच जातात, आणि त्या वयात हरलेले मूल सहसा परत वर्गात रमत नाही. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने यावर स्वतःच उत्तर काढले. २०१९ मध्ये तिने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’. जिथे गोंड तरुण पूर्वापार एकत्र शिकत, त्या गोटुलाचे नाव तिने मुद्दाम घेतले. शिक्षण खात्याने शाळा अनधिकृत ठरवून नोटीस बजावली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. घटनेच्या ३५०(अ) कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे स्पष्ट म्हटले आहे. ती सोय राज्याने केली नाही, गावाने केली. खात्याने मोहगावला नोटिशीऐवजी गोंडी पाठ्यपुस्तके, शिक्षकांचे पगार आणि मान्यतेचा कागद पाठवायला हवा होता.