एल निनो आला, म्हणजे दुष्काळ आला?

वैशाख तापू लागला की वर्तमानपत्रांत ‘एल निनो’ची बातमी येते आणि गावोगावी एकच बोलणे सुरू होते : यंदा पाऊस दगा देणार. बियाणे कधी घ्यायचे, कर्ज काढायचे की नाही, हे प्रश्न त्या एका शब्दाशी येऊन अडतात. पण हे समीकरण इतके सरळ आहे का? दोन वर्षे शेजारी ठेवून पाहू.

१९९७ साली प्रशांत महासागरात विसाव्या शतकातल्या अतितीव्र एल निनोंपैकी एक उद्भवला. तरीही भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. २००२चा एल निनो त्या मानाने मध्यम. पण पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. जुलैत तर तो सरासरीच्या जेमतेम निम्मा होता.

एरवी विषुववृत्तालगतचे व्यापारी वारे प्रशांत महासागरातले तापलेले पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिथे हवा वर चढते, ढग जमतात. वारे मंदावले की ते उबदार पाणी पूर्वेकडे पसरते. हाच एल निनो. त्याबरोबर चढत्या हवेची जागा सरकते आणि उतरती हवा आपल्याकडे येण्याचा संभव वाढतो. उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत.

१९०४ साली भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर मॉन्सूनच्या अंदाजासाठी जगभरच्या नोंदी पडताळत होते. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा झोका त्यांनी ओळखला. त्याचा समुद्राच्या तापमानाशी असलेला सांधा १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी उलगडून दाखवला.

मग १९९७ आणि २००२ यांत फरक कशाने पडला? एक कारण पाणी तापण्याच्या जागेचे. १९९७मध्ये मुख्य तापमानवाढ पूर्व प्रशांतात, पेरूच्या बाजूला होती. २००२मध्ये ती मध्य प्रशांतात होती. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, की मध्य प्रशांत तापला तर भारतावर उतरत्या हवेचा जोर अधिक पडतो.

दुसरे कारण आपल्याच समुद्रातले. १९९७मध्ये हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग उबदार आणि सुमात्राजवळचा थंड होता. या स्थितीला १९९९ साली ‘डायपोल’, म्हणजे द्विध्रुव, हे नाव मिळाले. विषुववृत्तीय हिंदी महासागरावरचे वारे आणि ढगही लक्षात घ्यावे लागतात, हे सुलोचना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी मांडले. १९९७मध्ये ते मॉन्सूनला अनुकूल होते, २००२मध्ये प्रतिकूल.

म्हणून एल निनोची बातमी आली की दोन प्रश्न विचारावेत : पाणी नेमके कुठे तापले आहे, आणि हिंदी महासागर काय करतो आहे? त्यांची उत्तरे मिळाली तरी देशाची सरासरी आपल्या शिवाराचा पाऊस सांगत नाही. एल निनोने दुष्काळाची शक्यता वाढते, हे खरे. पण शक्यतेला निकाल समजून पेरणीचा डाव मोडणे हेही नुकसानच.