डोक्याच्या मापाने

आंबा देठाशी हुंगल्याशिवाय, नारळ कानाशी हलविल्याशिवाय आणि चपलांचे दहा जोड पायांत घालून दुकानभर चालून पाहिल्याशिवाय पैशाला हात न लावणारा आमचा मध्यमवर्गीय गृहस्थ हेल्मेट घ्यावयास निघाला, की त्याच्या ठायीची ती सारी चिकित्सक बुद्धी अकस्मात लोप पावते, हे मी अनेकदा पाहिले आहे. रस्त्याच्या कडेला दोरीवर ओळीने टांगलेल्या, मांडवावरच्या भोपळ्यांप्रमाणे वाऱ्यावर डुलणाऱ्या त्या शिरस्त्राणांकडे तो स्कूटरवरून न उतरताच बोट दाखवितो, 'ते काळे द्या' म्हणतो, दीड-दोनशे रुपये मोजतो, आणि पुढच्या चौकातला वाहतूक-पोलीस आता आपल्याला हटकणार नाही या समाधानात निघून जातो. त्याने विकत घेतले ते दंडापासूनचे संरक्षण. डोक्याचा त्या व्यवहाराशी संबंध असलाच तर एवढाच, की ती वस्तू ठेवावयास दुसरी जागा नव्हती.

या उदासीनतेचा थोडा दोष कायद्याच्याही माथी येतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या 129व्या कलमाने दुचाकी चालविणाऱ्याने व तिच्यावर मागे बसणाऱ्याने शिरस्त्राण घालावे असे फर्माविले, आणि 2019 च्या दुरुस्तीने हा हुकूम मोडणाऱ्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवान्याचे निलंबन अशी शिक्षा ठरविली. परंतु जी वस्तू शिपायाच्या धाकाने वापरावयाची, ती शिपायापुरतीच घेतली जाते. पुण्यात 2019 च्या जानेवारीत सक्तीचा अंमल कडक होताच तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. मान अवघडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात, शहराच्या गर्दीत वेग असतोच कुठे, असा हरकतींचा तो पाढा पुणेकरांना मुखोद्गत आहे. यांतील निम्म्या हरकती माझ्या मते हेल्मेटविषयीच्या नसून चुकीच्या मापाच्या हेल्मेटविषयीच्या आहेत. वेगाची हरकत मात्र निराळी, आणि तिचे उत्तर द्यावयाचे तर हे साधन काम कसे करते तेच आधी पाहिले पाहिजे.

त्याआधी थोडा इतिहास. 13 मे 1935 रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात आपल्या घराजवळच्या रस्त्याने 'ब्रफ सुपीरियर' मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच जगाला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने परिचित असलेला गृहस्थ, रस्त्यावर फेकला गेला आणि सहा दिवसांनी शुद्धीवर न येताच मरण पावला. ज्या डॉक्टरांना त्याच्या उशाशी बोलावण्यात आले होते त्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे महायुद्ध सुरू झाले, दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून निरोप पोहोचविणारे लष्करी मोटारसायकलस्वार पटापट मरू लागले, आणि युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये 2,279 मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेली माणसे रस्त्यावर दगावली. केर्न्स यांनी 1941 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात हेल्मेट घातलेल्या स्वारांची उदाहरणे त्यांना उणीपुरी सातच मिळाली होती. पण त्या सातांपैकी कोणीही मेला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्यांना शिरस्त्राणाची सक्ती केली. सामान्य नागरिकाला ती लागू होण्यास तेथेही 1973 साल उजाडावे लागले, हे आपल्या मोर्चेवाल्यांनी थोड्या समाधानाने वाचावे.

आता दुकानात जाऊ. दुकानदार कवचावर बोटाने टिचकी मारतो, टणक आवाज काढतो, आणि 'बघा, दगड मारला तरी फुटणार नाही' अशी ग्वाही देतो. ग्राहकही त्या टणकपणावरच भाळतो. वस्तुतः कवच हे या व्यवस्थेतले दुय्यम अंग आहे. टोकदार वस्तू आत घुसू न देणे, एका बिंदूवर पडलेला घाव मोठ्या क्षेत्रावर पसरविणे आणि डांबरावर न अडकता घसरत जाणे, एवढीच त्याची कामगिरी. खरा त्राता त्याच्या आत असतो, आणि तो म्हणजे दूरचित्रवाणीच्या खोक्यातून निघाल्यावर आपण कचऱ्यात टाकतो तो पांढरा थर्मोकोल. हेल्मेटातला अधिक घट्ट व दाट असतो, इतकेच. गादीसारखे मऊ अस्तर केवळ सुखासाठी आहे. आघाताच्या क्षणी थर्मोकोलाचे कण चिरडतात, आणि ते चिरडत असताना डोक्याला थांबण्यास दोन-अडीच सेंटिमीटर जागा मिळते.

एवढ्याशा जागेचे महत्त्व काय, हे शाळेतल्या गणितानेच ताडून पाहता येते. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीला भिडते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर असतो. उघडी कवटी डांबरावर आदळली तर तिला अडीच मिलिमीटरांत थांबावे लागते, आणि मेंदूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सहाशे पट भार येतो. मध्ये अडीच सेंटिमीटर थर्मोकोल चिरडला, तर तोच भार सरासरीने साठपटींवर उतरतो. गाडीच्या वेगाशी या हिशेबाचा काहीही संबंध नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरवरून तोल जाऊन डोक्यावर पडणारा मनुष्यही याच वेगाने जमिनीला भेटतो, आणि 'शहरात वेग असतोच कुठे' या हरकतीचा येथे निकाल लागतो. युरोपातील नियमांनुसार हेल्मेटची परीक्षा सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी सत्तावीस किलोमीटर वेगाने ऐरणीवर आदळवून घेतात व आतल्या नकली डोक्यावर 275 पटींहून अधिक भार येऊ देत नाहीत. हे आकडे ऐकून शंभराच्या वेगाने जाणाऱ्यांचा विरस होतो खरा. परंतु रस्त्यावर पडणारा बहुधा सरपटत जातो, आणि डोके जमिनीवर आदळते ते त्याच्या उभ्या पडण्याच्या वेगाने. समोरून भिंत किंवा ट्रक आला तर गोष्ट निराळी. तेथे हेल्मेटकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

एकदा चिरडलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटने डोक्यासह एक मोठा आघात सोसला, ते बाहेरून कितीही धडधाकट दिसले तरी त्याचे आयुष्य संपले असे समजावे. 'काही झाले नाही, नुसता ओरखडा आहे' म्हणून ते धाकट्या भावाला देणे हे औदार्य नव्हे.

सरळ आघाताखेरीज आणखी एक संकट असते, ते पिळाचे. केर्न्स यांच्याच बरोबर ऑक्सफर्डला काम करणारे होलबर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी जिलेटिनच्या मेंदूंवर प्रयोग करून 1943 साली दाखविले, की डोके एकदम गर्रकन फिरल्यानेच मेंदूला मोठी इजा होते. भांड्याला अचानक हिसका देऊन फिरविले की आतला खरवस कडेपासून सुटतो व चिरतो, तसाच हा प्रकार. या विचाराला नियमांत स्थान मिळावयास पाऊणशे वर्षे लागली: युरोपच्या 22.06 या नव्या नियमावलीत तिरक्या आघाताची परीक्षा आली, आणि स्वीडनमध्ये जन्मलेल्या 'मिप्स'सारख्या योजनांत अस्तराखाली किंचित सरकणारा एक पातळ थर बसविला जाऊ लागला. तो असला तर उत्तमच, परंतु मापात न बसणाऱ्या हेल्मेटात तो असून काही उपयोग नाही.

हनुवटीही झाकणारे फुल-फेस हेल्मेटच का, अर्धे का नको, असा प्रश्न उन्हाळ्यात हमखास निघतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता गाडी चालविणाऱ्याला मी हा प्रश्न विचारल्याबद्दल दोष देणार नाही. पण उत्तर बदलत नाही. पुढे फेकला गेलेला मनुष्य पुष्कळदा तोंडावर पडतो, आणि हनुवटीवर बसलेला तडाखा जबड्याच्या सांध्यांवाटे थेट कवटीच्या तळाशी पोहोचतो. 1968 साली डॅन गर्नी हा अमेरिकन मोटार-शर्यतपटू 'बेल' कंपनीचे 'स्टार' नावाचे हनुवटीसह सारे तोंड झाकणारे शिरस्त्राण घालून ग्रां प्री शर्यतीत उतरला. अर्धे हेल्मेट घालून ग्रां प्रीत उतरणारा आज शोधूनही सापडावयाचा नाही. घेताना हनुवटीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला बोटाने चाचपून पाहावे: तेथेही थर्मोकोल हवा. काही स्वस्त मालात ती पट्टी म्हणजे आतून पोकळ अशी प्लास्टिकची कमान असते, आणि फुल-फेस हे नाव तेथे केवळ शोभेला असते. हनुवटी वर उचलता येणारी, फ्लिप-अप म्हणून ओळखली जाणारी जात चष्मेवाल्यांना सोयीची खरी; युरोपीय मालावर तिची हनुवटी संरक्षक असेल तर 'पी' आणि नसेल तर 'एनपी' अशी अक्षरे छापलेली असतात, ती वाचूनच पैसे द्यावेत.

मापाच्या बाबतीत माझा स्वतःचा एक गाढवपणा कबूल केला पाहिजे. माझे पहिले फुल-फेस हेल्मेट 'एक नंबर मोठेच घ्या साहेब, हवा खेळती राहील' अशा मधाळ शिफारशीने गळ्यात पडले होते. खंबाटकीच्या घाटात बाजूच्या वाऱ्याचा पहिला झोत आला, तसे ते डोक्यावरून उठले, पट्टा गळ्याशी आवळला, काच भुवयांच्या वर गेली, आणि काही क्षण समोरचा ट्रक मला फक्त ऐकू येत होता. घाट उतरल्यावर मी पहिले काम केले ते एक शिंप्याची टेप विकत घेण्याचे.

ती टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरच्या अंगाने, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. जो आकडा येईल तो आपला. आपल्याकडील हेल्मेटांवर हे माप बहुधा मिलिमीटरांत छापलेले असते, 580, 600 असे. आकडा दोहोंच्या मध्ये आला तर लहान माप घालून पाहावे, कारण अस्तर वापराने दबते व हेल्मेट सैल होते. घट्ट मात्र कधी होत नाही. घातल्यावर गाल थोडे आत दाबले गेले पाहिजेत, फुगा फुंकणाऱ्याच्या उलट. दोन्ही हातांनी हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरविले असता गालांची व कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली जावी. नुसते हेल्मेट फिरले तर ते परत दोरीवर टांगावे. मग पट्टा लावून, मागची कड धरून ते पुढे ओढून काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. निघाले, तर अपघातातही निघेल. शेवटी ते तसेच पंधरा मिनिटे घालून दुकानात बसावे. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावे. या अवधीत कपाळाच्या एखाद्याच बिंदूवर दुखू लागले, तर माप बरोबर असूनही घडण आपल्या डोक्याची नाही असे जाणावे, कारण कोणाचे डोके गोल, कोणाचे पुढून मागे लांबट, आणि एका साच्याने दोघांचे समाधान होत नाही. मान अवघडण्याची तक्रार पुष्कळदा येथूनच उगवते.

अस्सलपणाची खातरजमा सोपी आहे, पण ती कोणी करीत नाही. 1 जून 2021 पासून आपल्या देशात आयएसआय चिन्हावाचून दुचाकीस्वाराचे हेल्मेट बनविणे वा विकणे बेकायदा आहे. या चिन्हाच्या वर 'आयएस 4151' हा मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना-क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापणे कोणालाही जमते. म्हणून तो खालचा क्रमांक मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर घालून पाहावा, म्हणजे परवाना कोणाच्या नावचा आणि चालू आहे की रद्द, हे तेथल्या तेथे उलगडते. एवढे केल्यावर किमतीची चिंता फारशी उरत नाही. परवानाप्राप्त, मापाचे, साधे हेल्मेट घेऊन त्यापुढे जो जो अधिक पैसा द्यावा, तो मुख्यतः हलकेपणाला, शांततेला, वायुवीजनाला आणि चित्रविचित्र रंगांना जातो. ऐपत असल्यास जरूर द्यावा, पण दसपट किमतीने दसपट सुरक्षितता मिळते अशा भ्रमात राहू नये.

काच पारदर्शकच घ्यावी. काळी काच दिवसा रुबाबदार व रात्री आंधळी असते. पावसाळ्यात श्वासाने काच धुरकटते, त्यासाठी आतून बसविण्याचा जादा पडदा मिळतो, आणि कोकणात राहणाऱ्याने तो घ्यावाच. ओरखडे पडलेली काच बदलावी, तिची किंमत पेट्रोलच्या एका टाकीइतकीही बहुधा नसते. पेट्रोल किंवा थिनरने हेल्मेट पुसू नये, त्याने प्लास्टिक ठिसूळ होते. साधारण पाच वर्षांनी नवे घ्यावे. आणि पट्टा लावावा. न लावलेल्या पट्ट्याचे हेल्मेट पहिल्या धडकेतच मालकाला सोडून स्वतंत्रपणे प्रवास करते.

एक गोष्ट राहिली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या दप्तरी 2022 या एका वर्षात हेल्मेटवाचून मेलेल्या 50,029 माणसांची नोंद आहे, आणि त्यांतील 14,337 माणसे गाडी चालवीत नव्हती. ती मागे बसली होती. आपल्या घरांत चालविणाऱ्याचे हेल्मेट निवडून घेतलेले असते, आणि मागे बसणाऱ्या पत्नीला, आईला किंवा मुलाला जुने, सैल, पट्टा तुटलेले असे काहीतरी खुंटीवरून काढून दिले जाते. तेव्हा दुकानात जाल तर मागे बसणाऱ्यालाही बरोबर न्या. टेप दोघांच्याही डोक्याला लावावी लागते.